घरांतलीं यंत्रें : गॅसचा गिझर आणि त्याची परीक्षा

मुकुटबनहून एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. घरांत लहानथोर मिळून अकरा माणसें. सकाळच्या आंघोळी एकामागून एक चालतात. न्हाणीघरांत गॅसवर चालणारा गिझर बसविलेला आहे. तो हल्लीं कधीं पेटतो, कधीं नुसताच टिकटिक करून गप्प राहतो, आणि दोन वेळां तर नळ बंद केल्यावरही आंतली ज्योत क्षणभर रेंगाळली. दुरुस्ती करणारा माणूस वणीहून यावयाचा, त्याला चार दिवस लागतात. तोंवर घरच्या घरीं काय पाहावें, असें त्या विचारतात. प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाहीं, म्हणून उत्तर येथेंच देतों. मात्र रेंगाळणाऱ्या ज्योतीपुरतें आधींच सांगून ठेवतों : ती ज्या यंत्रांत दिसली तें दुरुस्त होईपर्यंत मुळींच वापरूं नये. सिलिंडर बंद ठेवावा आणि पाणी चुलीवर तापवावें.

असें कां, हें कळण्यासाठीं यंत्राच्या पोटांत थोडें डोकावलें पाहिजे. आपण नळ उघडला कीं गिझरमध्यें शिरणारें पाणी एका रबरी पडद्याच्या दोन बाजूंना कमीअधिक दाब उत्पन्न करतें. पडदा सरकतो, त्याला लागलेली पितळी दांडी पुढें येते आणि एक लहानसा स्विच दाबला वा सुटला जातो. त्यासरशी दोन सेलांच्या विजेनें ठिणग्या उडूं लागतात आणि गॅसची झडप उघडते. ज्योत पेटली कीं तिच्यांत बुडालेल्या एका धातूच्या काडीमधून अत्यंत सूक्ष्म असा विद्युत्प्रवाह वाहूं लागतो. हीच त्या यंत्राची पहारेकरीण. प्रवाह नसला म्हणजे ज्योत नाहीं, असें समजून नियंत्रण कांहीं सेकंदांत झडप मिटतें, आणि न जळलेला गॅस खोलींत पसरत नाहीं. नळ बंद होतांच पडदा मागें येतो व सर्व कारभार थांबतो. ज्या यंत्रांत पडदा किंवा दांडी मागें येण्यास कुचराई करते, त्याच्या नळींत थांबलेलें पाणी ज्योतीवर उकळत राहतें. वाफेचा दाब वाढून नळी फुटण्याचें भय असतें.

आतां मुकुटबनची गोष्ट. झरी-जामणी तालुक्याचा हा मुलूख चुनखडीच्या दगडाचा. त्याच्याच बळावर तेथें सिमेंटचा कारखाना उभा राहिला व २०२२ सालीं त्याचें उत्पादन सुरू झालें. चुनखडींतून झिरपलेलें पाणी जड असतें. त्यांत डाळ शिजतां शिजत नाहीं, साबणाला फेस येत नाहीं, आणि आधणाच्या भांड्याला पांढरा थर बसतो, हें तिकडील गृहिणींना सांगावयास नको. जो थर भांड्याला बसतो तोच गिझरच्या नळीला, जाळीला आणि त्या पितळी दांडीलाही बसतो. दांडी अडखळण्याचें पहिलें कारण हेंच समजावें. पाणी शिरण्याच्या तोंडाशीं असलेली बारीक जाळी दर महिन्याला, पाणी व गॅस दोन्ही बंद करून, काढावी आणि व्हिनेगरमध्यें तासभर भिजवून घांसावी. नळीच्या आंतला थर मात्र कारागिराकडूनच काढवून घ्यावा, आणि त्याच वेळीं पडदा व दांडीही तपासावयास सांगावी.

परीक्षा करावयाची ती खिडकी-दार उघडें ठेवून, दिवसाउजेडीं, आणि घरांतील एका जबाबदार माणसानें. प्रथम सिलिंडर बंद ठेवूनच गरम पाण्याचा नळ सोडावा. टिकटिक सुरू झाली पाहिजे, आणि पुस्तिकेंत दिलेल्या मुदतींत आपोआप थांबली पाहिजे. ती थांबतच नसेल तर नियंत्रणाची पेटी बिघडली आहे. टिकटिक मंद, अडखळत येत असेल तर बहुधा सेलच संपत आले आहेत. पत्रांतील पहिल्या तक्रारीचें कारण तेंच असण्याचा संभव आहे. मग नळ बंद करून सिलिंडर सुरू करावा, पुन्हां नळ सोडावा. ज्योत सर्वत्र सारखी आणि निळी हवी. पिवळी, लांब, लवलवती ज्योत म्हणजे धूळ व काजळी यांनीं बर्नर तुंबल्याची खूण. शेवटीं नळ झटकन बंद करावा. ज्योत त्याच क्षणीं विझली पाहिजे. येथें एक सेकंदाचीही सवलत नाहीं.

नळीचे सांधे साबणाच्या फेसानें पाहावे, काडी पेटवून कदापि नाहीं. आणि कारागीर ‘स्विच त्रास देतो, दोन तारा जोडून टाकतों’ असें म्हणूं लागला तर त्याला चहा द्यावा आणि परत पाठवावा.

एवढें सगळें ठीक असलें म्हणजे निर्धास्त व्हावें काय? नाहीं. मघां सांगितलेली पहारेकरीण ज्योत पाहते. हवा पाहत नाहीं. १८६८ सालीं लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यानें पहिला गिझर केला. आइसलंडच्या उष्ण झऱ्यावरून त्यानें त्याला हें नांव दिलें, पण धूर बाहेर नेणारी नळी त्याला नव्हती. दीडशें वर्षांनंतरही आपल्याकडील कित्येक न्हाणीघरांत तीच स्थिति आहे. आपला बंब परसांत असे आणि त्याचा धूर डोळ्यांना झोंबे, म्हणून त्याच्या शेजारीं दार लावून कोणी बसत नसे. गॅसच्या ज्योतीचा धूर दिसत नाहीं. बंद खोलींत प्राणवायु कमी पडूं लागला कीं तीच ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडूं लागते. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांतील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट घट्ट धरून ठेवतें.

एकत्र कुटुंबांत याचा हिशेब निराळाच होतो. पुष्कळ गिझरांत वीस मिनिटांनीं आपोआप बंद होण्याची सोय असते. पण प्रत्येक वेळीं नळ बंद केला कीं तो हिशेब पुन्हां पहिल्यापासून सुरू होतो. हवा मात्र पहिल्यापासून सुरू होत नाहीं. पहिल्या चार आंघोळींनीं बिघडलेली हवा पांचव्याच्या वांट्याला येते, आणि सर्वांचें आवरून शेवटीं न्हाणींत शिरणारी बहुतेक घरांत सून किंवा सासूबाई असते. तिला चक्कर आली, डोकें ठणकलें, उलटी झाली तर ‘पित्त झालें’ किंवा ‘उपास बाधला’ म्हणून आपण मोकळे होतों. मेंदूविकाराच्या तज्ज्ञांनीं आपल्याच देशांतील अशा रोग्यांवरून ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असें नांव रूढ केलें आहे. त्यांतील कित्येकांना प्रारंभीं अपस्माराचे झटके समजण्यांत आलें होतें. असें कोणी आंत पडलेलें आढळल्यास प्रथम दार-खिडक्या उघडाव्या, माणसाला मोकळ्या हवेंत आणावें, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आलें तरी इस्पितळ टाळूं नये.

तेव्हां पत्रलेखिका भगिनींना आमचें सांगणें असें कीं, कारागीर आलाच आहे तर त्याच्याकडून गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या भिंतीवर किंवा परसाकडील पडवींत हलवून घ्यावा आणि फक्त गरम पाण्याची नळी आंत आणावी. खर्च दोनचार हात नळीचा. तें होईपर्यंत, दुरुस्तीनंतरही, बादली भरून गिझर बंद करावा आणि मगच दार लावावें. दोन आंघोळींच्या मध्यें दार-खिडकी कांहीं वेळ सताड उघडी ठेवावी. न्हाणीला वर झरोका आहेच. खालींही एक हवा, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असून जमिनीलगत सांचतो. नवा गिझर घेणारांनीं आय.एस. १५५५८ हा मानक क्रमांक पाहून घ्यावा. आणि गांवाला जातांना सेल काढून ठेवावे, नाहींतर ते पाझरून परतल्यावर पुन्हां वणीच्या माणसाची वाट पाहावी लागते.