वाघाच्या आधी रोही

सप्टेंबर उजाडला की शिक्षकांच्या खोलीत सहलीचा विषय निघतो. वेरूळ, दौलताबाद, माहूर या ठरलेल्या वाटा सोडून यंदा मुलांना राष्ट्रीय उद्यान दाखवावे, असे अनेकांच्या मनात असते. विचार उत्तम आहे. फक्त सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावातून निघायचे तर बेत नीट आखावा लागतो.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचे संजय गांधी. मराठवाड्यात एकही नाही. म्हणजे साखऱ्याहून ताडोबा गाठायचे तर सहल मुक्कामी होणार हे धरूनच चालावे. एसटीची प्रासंगिक कराराची गाडी शालेय सहलीला निम्म्या दरात मिळते, पण ती उद्यानाच्या फाटकापर्यंतच. आत जिप्सी लागते आणि एका जिप्सीत पर्यटक सहा. चाळीस मुले असतील तर सात गाड्या, असा हिशेब सहज होतो. पण प्रत्येक गाडीत शाळेचे एक मोठे माणूस हवेच. मग एका गाडीत पाच मुले, गाड्या आठ आणि सोबत आठ मोठी माणसे. शनिवार-रविवारी दर चढे असतात, मंगळवारी ताडोबा बंद असतो. पावसाळ्यात बंद असलेले गाभा क्षेत्र 1 ऑक्टोबरला उघडते. आरक्षण ऑनलाइन होते. त्यात भरलेले नाव आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. आधारवर एक आणि हजेरीपटावर दुसरे, अशी मुले प्रत्येक वर्गात निघतात. ती आधीच शोधून ठेवा. मोबाईलला आत बंदी आहे, हे पालकांना संमतिपत्रातच कळवा. डिसेंबरच्या पहाटे उघड्या गाडीत बसायचे, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी प्रत्येकाकडे असल्याची खात्री निघण्यापूर्वी करा.

एवढे जमत नसेल तर जंगल पाहणे सोडू नका, जवळचे जंगल निवडा. रिसोडमार्गे लोणारला जाऊन त्याच दिवशी परतता येते. सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, 2020 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, आणि विवरात उतरताना मोर नि वानरे मुलांना हमखास भेटतात. वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य आहे. वाघाचेच जंगल हवे असेल तर पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर ताडोबापेक्षा जवळ पडते.

टिपेश्वरचे नाव मुद्दाम घेतले. 2019 मध्ये तिथला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ पैनगंगेच्या जंगलातून निघून हिंगोली आणि वाशिम जिल्हे ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पाच-सहा महिन्यांत तो 1,300 किलोमीटरहून अधिक चालला होता. वाट शेतांतून, नाल्यांतून आणि गावांच्या शिवारांतून गेली. सहलीच्या आधी फळ्यावर नकाशा काढून ही वाट मुलांकडून भरून घ्या. आपला हिंगोली जिल्हा दोन जंगलांच्या मधला रस्ता आहे, ही जाण कोणत्याही माहितीपत्रकाने येणार नाही.

आमचे मुख्य म्हणणे मात्र वेगळेच आहे. साखऱ्याच्या मुलाला वन्यप्राणी नवे नाहीत. तुरीत शिरणारे रोही त्याने पाहिले आहेत, रानडुकरांनी उकरलेला हरभरा पाहिला आहे, वडील जागलीला गेलेल्या रात्री अनुभवल्या आहेत. त्याच्या लेखी रोही म्हणजे नुकसान. तेच रोही उद्यानात दिसल्यावर शहरी पर्यटक कॅमेरा सरसावतात, तेव्हा मुलाच्या मनात प्रश्न उभा राहतो. तो प्रश्न दडपू नका. वनरक्षकांना मुलांसमोर बसवा. रोही शेतात का येतात, वाघ असलेल्या जंगलात त्यांच्या संख्येवर काय परिणाम होतो, पिकाच्या नुकसानीची भरपाई कशी मागायची, हे मुलांनाच विचारू द्या. वाघ कशासाठी राखायचा, याचे उत्तर शेतकऱ्याच्या मुलाला या वाटेने लवकर पटते.

म्हणून सहलीचा कस ‘वाघ दिसला का?’ या एका प्रश्नावर लावू नये. वाघ दिसणे नशिबाचे आहे. ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी साल, मातीतले ठसे, चितळाची इशाऱ्याची हाक आणि ती ऐकून गाईडने थांबवलेली गाडी, हे पदरात पडतेच. त्याची तयारी वर्गात करून न्या.

गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे परवानगीचा प्रस्ताव, एसटी आगारात गाडीची मागणी आणि वनविभागाला पत्र ही तीनही कामे याच महिन्यात उरका. आणि प्रस्तावात उद्देशाच्या रकान्यात ‘निसर्गपर्यटन’ एवढेच न लिहिता, मुलांनी तिथे विचारायचे प्रश्न लिहा.