मूलपेशींचे प्रत्यारोपण : आधी जनुकीय पडताळणी

जपानमधील कोबे येथे सप्टेंबर २०१४ मध्ये एका वृद्ध महिलेच्या डोळ्यात प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशींचा पातळ थर बसविण्यात आला. तिच्याच त्वचेपासून मिळविलेल्या आयपीएस मूलपेशींपासून हा थर बनविला होता. अशा पेशी मानवी शरीरात प्रत्यारोपित करण्याची ती पहिलीच वेळ होती. मात्र २०१५ मध्ये दुसऱ्या रुग्णाचे प्रत्यारोपण थांबविण्यात आले. त्याच्या पेशींमध्ये काही जनुकीय बदल आढळले होते.

हे बदल घातक ठरतीलच, असे सिद्ध झालेले नव्हते. तरीही मासायो ताकाहाशी यांच्या चमूने धोका पत्करला नाही. यामागील कारण मूलपेशींच्या स्वभावातच आहे. या पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ विभाजित होत राहतात. एखाद्या पेशीत वेगाने वाढण्यास पोषक असा बदल झाल्यास तिची संतती इतर पेशींना मागे टाकते. हाच गुण शरीरात गेल्यावर अर्बुदाला निमंत्रण देऊ शकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानवी भ्रूणमूलपेशींच्या १४० वाणांपैकी ५ वाणांत कर्करोग रोखणाऱ्या पी-५३ या जनुकात उत्परिवर्तने आढळली.

तपासणीलाही मर्यादा आहेत. सूक्ष्मदर्शकाखालील गुणसूत्र-परीक्षणात मोठे बदल दिसतात. लहान बदल निसटतात. जनुकसंचाचे संपूर्ण वाचन केल्यास तेही सापडतात, परंतु त्यांतील निरुपद्रवी कोणते व धोकादायक कोणते, हे ठरविणे कठीण असते. शिवाय प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र पेशी तयार करून तपासणे खर्चिक व वेळखाऊ ठरते. म्हणूनच मार्च २०१७ मध्ये कोबे येथे दात्याच्या, आधीच तपासून साठविलेल्या पेशी वापरण्यात आल्या. यात पडताळणी एकदाच पुरते. मात्र परक्या पेशी शरीराने नाकारण्याचा धोका वाढतो.

भारतासाठीही हा प्रश्न दूरचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसारख्या मान्यताप्राप्त आजारांतील रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता अन्य उपचार केवळ चिकित्सालयीन चाचण्यांपुरतेच मर्यादित आहेत. असाध्य व्याधीने हताश झालेल्या कुटुंबाला ही अट जाचक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु औषध बंद करता येते, शरीरात रुजलेली पेशी सहजी परत काढता येत नाही. त्यामुळे उपचाराची जाहिरात पाहणाऱ्या रुग्णाने पेशींची जनुकीय तपासणी कोणी व कशी केली, हा प्रश्न प्रथम विचारणे अगत्याचे आहे.