लस घेतली, पण कागद अडला

आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे ३० जुलै २०२१ रोजी टोकियोत तीन हजार मीटर स्टीपलचेस धावला आणि ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून गेला. त्या ऑलिम्पिकसाठी भारतातून जाणाऱ्या पथकावर निघण्यापूर्वी सात दिवस रोज कोरोना चाचणी आणि पोहोचल्यावर तीन दिवस इतर पथकांपासून दूर राहण्याची अट होती. भारतीय ऑलिम्पिक संघटनेने तिला जाहीर विरोध केला. खेळाडूंसाठी बोलायला निदान संघटना होती. त्याच काळात शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी निघालेल्या गेवराई, केज, परळीच्या मुलामुलींसाठी बोलणारे कोणी नव्हते.

साथीच्या काळातील प्रवासाचे नियम समजून घेताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. लस शरीराचे रक्षण करते. चाचणी त्या क्षणी विषाणू सापडतो का, एवढेच सांगते. प्रमाणपत्र हा या दोन्हींचा केवळ पुरावा असतो. प्रवाशांची कोंडी झाली ती बहुतेक वेळा या तिसऱ्या गोष्टीपाशी.

कोविशिल्डचेच पाहा. मे २०२१ मध्ये दोन डोसमधले अंतर किमान ८४ दिवस झाले. परदेशी जाणाऱ्यांना ते परवडणारे नव्हते. म्हणून ७ जूनला केंद्राने विद्यार्थी, नोकरदार आणि ऑलिम्पिक पथकासाठी २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची मुभा दिली आणि प्रमाणपत्राला पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोय केली. तरीही सप्टेंबरमध्ये ब्रिटनने नवे नियम जाहीर केले, तेव्हा भारतात कोविशिल्ड घेतलेला प्रवासी ‘लस न घेतलेला’ ठरला. लस तीच, ऑक्सफर्डच्या संशोधनातून आलेली आणि पुण्यात बनलेली. पुढे ब्रिटनने लस मान्य केली, पण भारतीय प्रमाणपत्राला मान्यता ११ ऑक्टोबरपासूनच मिळाली. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मंजुरीसाठी ३ नोव्हेंबरपर्यंत वाट पाहावी लागली. या काळात त्यांच्या शरीरातील प्रतिकारशक्तीत काही उणे नव्हते. उणे होते ते कागदात.

चाचणीची गोष्ट याहून अवघड. संयुक्त अरब अमिरातीने ऑगस्ट २०२१ मध्ये भारतातून परतणाऱ्या रहिवाशांकडे ४८ तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल मागितला, शिवाय विमानतळावर उड्डाणाच्या काही तास आधी दुसरी चाचणी. मुंबईत राहणाऱ्याला हे जमण्यासारखे होते. बीड शहरात मात्र तेव्हा विमानतळ नव्हता आणि रेल्वेही नव्हती. नमुना देणे, अहवालाची वाट पाहणे आणि रस्त्याने मुंबई गाठणे हे सगळे त्याच ४८ तासांत बसवायचे. अहवालाला उशीर झाला की तिकीट वाया.

बरे, निगेटिव्ह अहवाल म्हणजे निर्धास्तपणाही नव्हे. संसर्ग नुकताच झाला असेल तर चाचणीत तो सुटू शकतो. उलट, बरा झालेला माणूस कित्येक आठवडे पॉझिटिव्ह दिसू शकतो. याचा अर्थ सगळे नियम निरुपयोगी होते असा नाही. नवा विषाणू चार दिवस उशिरा पोहोचला तरी रुग्णालयांना तयारीला तेवढाच वेळ मिळतो. पण त्या वेळेची किंमत कोणी मोजली, हेही पाहायला हवे. ती जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघालेल्याने शहरातल्या प्रवाशापेक्षा जास्त मोजली.

यावर उपाय अनोळखी नाही. पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला जगभर एकाच नमुन्यात चालतो. लसीनंतर दहा दिवसांनी तो लागू होतो आणि २०१६ पासून आयुष्यभर ग्राह्य धरला जातो. हज यात्रेकरूंना मेंदूज्वराची लस देण्याची शिबिरे दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांत भरतात. लस आणि नोंद एकाच ठिकाणी होते. हीच व्यवस्था सर्व परदेशी प्रवाशांसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय येथे कायमची का नसावी? एक खिडकी, एक जाणकार कर्मचारी आणि त्या त्या देशाचे ताजे नियम, एवढ्याने बरेच काम होईल. साथ आल्यावर मग नव्याने धावपळ नको.

तोवर प्रवाशाने काही गोष्टी स्वतः सांभाळाव्यात. आधार आणि पासपोर्टवरील नाव व जन्मतारीख तंतोतंत जुळते का, हे लस घेण्यापूर्वीच पाहावे. चाचणीचे तास नमुना दिल्यापासून मोजतात की अहवाल आल्यापासून, उड्डाणापर्यंत की पोहोचेपर्यंत, हे विमान कंपनीला आणि त्या देशाच्या दूतावासाला विचारावे. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नये. निव्वळ कागदासाठी जादा डोस घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कोरोनाची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपली. पुढची साथ कधी येईल हे सांगता येत नाही. ती येईल तेव्हा बीडच्या मुलाची लस आणि लंडनच्या मुलाची लस एकाच मापाने मोजली जावी, ही मागणी शांततेच्या काळातच लावून धरायला हवी.