कारखान्याचे अक्षर एकच हवे



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे. छापील अक्षरांवर कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटेल. पण आपल्या उसाचा सगळा हिशेब कागदावर चालतो, आणि त्या कागदांबद्दलच आम्हांला आज बोलायचे आहे.

घरात कारखान्याचे जेवढे कागद असतील तेवढे एकदा शेजारी-शेजारी मांडून पाहा. लागण नोंदीची पावती एका वळणाची, तोडणीची चिठ्ठी दुसऱ्या, काट्याची पावती तिसऱ्याच बारीक टायपात. बिलावर आकडे इंग्रजी, वार्षिक सभेच्या नोटिशीवर मराठी. कारखान्याचे नाव कुठे जाड, कुठे तिरके, तर कुठे 'सहकारी'चे नुसते 'सह.' झालेले. हे सारे एकाच घरचे आहे असे म्हणवत नाही.

नाव तिरके छापले म्हणून कुणाचे नुकसान होत नाही, हे खरे. आकड्यांचे तसे नाही. मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि मराठी चार इंग्रजी आठासारखा. गट नंबर १४ मराठीत लिहिला आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला इंग्रजीची सवय असली, की झाले त्याचे अठ्ठ्याण्णव! ऊस एकाचा, नोंद भलत्याच गटावर. आडसाली लागण चार जुलैची की आठ जुलैची, याने तोडणीच्या पाळीत काय फरक पडतो ते आम्ही सांगायला नको. शेजारच्या फडात आलेली टोळी निघून जाताना ज्याने बांधावरून पाहिली आहे त्याला विचारा.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की शेतकी खाते, काटा, हिशेब खाते या सर्वांच्या कागदांवर आकडे एकाच जातीचे असावेत. आमचा कल मराठी आकड्यांकडे. पण काट्याच्या यंत्रातून इंग्रजीच निघत असतील तर सगळीकडे इंग्रजी करा. मिसळ मात्र नको. आणि लागणीचा महिना आकड्यात न लिहिता नावानेच लिहावा.

अक्षरांची खिचडी होते कशी, तेही पाहू. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेली नोटीस गट कार्यालयात उघडली आणि तिथल्या संगणकात तो फाँट नसला, तर मजकुराच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात. मग कारकून ती पुन्हा टाइप करतो, हाताशी असेल त्या अक्षरात. युनिकोडमध्ये हा घोळ होत नाही. वळण बदलले तरी 'क'चा 'क'च राहतो. संगणकावर पुष्कळांनी पाहिलेले 'मंगल' हे युनिकोड अक्षर आपल्या मराठी माणसानेच, प्रा. र. कृ. जोशी यांनी, घडवलेले आहे.

खर्चाची सबब चालणार नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' हे वळण विनामूल्य मिळते. कोणतेही घ्या, पण ल आणि श तेवढे तपासून घ्या. मराठीत ल पाकळीचा आणि श शेंडीचा असावा, असा शासनाचा ६ नोव्हेंबर २००९ चा निर्णय आहे.

आणखी एक. हल्ली मोबाइलवर कारखान्याच्या नावाने कुणीही काहीही फिरवतो. सारखे अक्षर म्हणजे काही शिक्का-सही नव्हे, नक्कल त्याचीही होते. तरी नेहमीचे वळण डोळ्यांत बसले, की वेगळा कागद आला म्हणजे माणूस चौकशी तरी करतो. आज सगळेच वेगळे, त्यामुळे खोटे वेगळे दिसतच नाही.

बिलावर निव्वळ वजन, दर आणि कपाती या ओळी मोठ्या टायपात हव्यात. साठी उलटलेले सभासद बिल हातभर लांब धरून वाचतात, नाहीतर नातवाला हाक मारतात. स्वतःच्या पैशांचा आकडा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणे बरे नव्हे. छापण्याआधी नमुना प्रत्येक गट कार्यालयात लावावा, अशी आमची व्यवस्थापनाला सूचना आहे. तो लागला की चष्मा घरी ठेवून या, आणि जी ओळ वाचता येणार नाही तिच्यावर सरळ पेन्सिलीने खूण करा.