खेळांचे नवे आश्रयदाते

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या गांवच्या यात्रेंतील कुस्त्यांच्या फडाचा जमाखर्च पंचमंडळींनीं आमच्याकडे सोंपविला होता. तीस वर्षें तहसील कचेरींत कारकुनी केल्यामुळें हिशेबाचें काम निघालें कीं लोक आमच्याकडे बोट दाखवितात, व आम्हांसही तें नाकारवत नाहीं. त्या वर्षीं वर्गणी नीट जमली नव्हती. अवेळीं पाऊस पडून हरभरा व गहू दोन्ही गेले होते. अशा वेळीं तालुक्याच्या गांवचा एक शीतपेयांचा विक्रेता आपण होऊन आला व म्हणाला, “मंडप आमचा, पहिल्या कुस्तीचें इनाम आमचें. तुम्ही फक्त आखाड्याच्या चारी बाजूंस आमचे फलक लावूं द्या, आणि दोरीच्या आंत दुसऱ्या कोणाचें पेय विकूं देऊं नका.” कागद आम्हींच लिहिला, सहीही आमचीच. फडाच्या दिवशीं दरसाल माठ घेऊन बसणाऱ्या ताकवाल्या मावशी व उंसाच्या रसाचा गाडा, दोघेही दोरीबाहेर उन्हांत रस्त्याच्या कडेला गेले. शेवटची कुस्ती झाल्यावर विजयी पैलवानाच्या हातीं इनामाबरोबर ती बाटली देऊन त्याचें छायाचित्र काढण्यांत आलें. दूध, तूप व बदाम यांवर त्यानें तो देह कमावला होता. बाटली त्यानें उघडलीही नाहीं. परंतु छायाचित्रांत तें दिसत नाहीं.

तेव्हांपासून हा विषय आमच्या मनांत घोळत आहे. शेतकीच्या मासिकांत खेळांची चर्चा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु जें खाद्य व जें पेय खेळांच्या आश्रयानें घरोघर शिरत आहे त्याचा संबंध आमच्या मुलांच्या पोटाशीं व आमच्या शेतमालाशीं दोन्हींशीं आहे, म्हणून हा प्रपंच.

आमच्या गांवीं झालें तें नवें नव्हतें. जगाच्या मोठ्या आखाड्यांत हें फार दिवस चालत आलें आहे. १९२८ सालीं आम्स्टरडॅम येथें ऑलिंपिक सामने झाले. हॉकींत हिंदुस्थानास पहिलें सुवर्णपदक मिळालें व ध्यानचंदांचें नांव जगास कळलें तें याच सामन्यांत. त्याच वर्षीं अमेरिकेच्या खेळाडूंबरोबर कोका-कोलाच्या एक हजार पेट्या गेल्या, आणि तेव्हांपासून त्या कंपनीचा व ऑलिंपिकचा संबंध सुटलेला नाहीं. फुटबॉलच्या विश्वचषकाची ती १९७८ पासून अधिकृत प्रायोजक आहे. मॅकडोनल्ड्स ही उपाहारगृहांची कंपनी १९७६ पासून ऑलिंपिकच्या आश्रयदात्यांत होती. २०१७ सालीं तिनें करार मुदतीच्या तीन वर्षें आधींच सोडला. तत्पूर्वीं २०१२ च्या लंडन ऑलिंपिकांत एक विलक्षण नियम झाला होता. तळलेल्या बटाट्याच्या फोडी विकण्याचा हक्क या कंपनीचा. इतर विक्रेत्यांनीं त्या विकूं नयेत, तळलेल्या माशाबरोबर दिल्या तरच चालतील. इंग्रजास त्याच्याच राजधानींत बटाटा विकण्याची बंदी! हें वाचलें तेव्हां आम्हांस आमच्या ताकवाल्या मावशी आठवल्या, आणि हंसूं येण्याऐवजीं ओशाळल्यासारखें झालें.

आपल्या देशांत ही लाट क्रिकेटच्या वाटेनें आली. भारत, पाकिस्तान व श्रीलंका या तीन देशांत १९९६ सालीं झालेल्या विश्वचषकाचें नांवच एका सिगारेटच्या छापावरून होतें. अधिकृत पेयाचा मान कोका-कोलाकडे गेला, तर पेप्सीनें आपल्यांत अधिकृत असें कांहींच नाहीं अशा अर्थाची थट्टेची जाहिरात करून त्या मानावरच ताण केली. दोन सावकारांच्या चढाओढींत कूळ जसें दोन्हींकडून बुडतें, तशी त्या वर्षीं प्रेक्षकांची गत झाली. पुढें २०१३ ते २०१५ या तीन हंगामांत इंडियन प्रीमियर लीगच्या नांवाआधीं पेप्सीचें नांव लागत असे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाशीं कोका-कोलानें २०१९ सालीं पांच वर्षांचा करार केला, आणि २०२३ च्या अखेरीस तो आणखी आठ वर्षें, म्हणजे २०३१ पर्यंत, वाढविला. आज पहिलींत बसलेलें मूल तोंवर मिसरूड फुटण्याच्या वयाला येईल.

साधी जाहिरात व हें प्रायोजकत्व यांत मोठा फरक आहे, व तो पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. जाहिरातदार उघडपणें म्हणतो, माझा माल घ्या. ऐकणारा सावध होतो, घासाघीस करतो. प्रायोजक असें कांहींच म्हणत नाहीं. तो नुसता बसून राहतो. खेळाडूच्या अंगरख्यावर, सीमारेषेच्या दोरीवर, चषकाच्या शेजारीं. खेळाडूचें चापल्य, त्याचे कष्ट, देशाचा विजय या सर्वांची छाया त्या बाटलीवर पडते, आणि मुलाच्या मनांत दोहोंची गांठ आपोआप बसते. चलाख खरेदीदार खतावणींत स्वतःचें नांव घालीत नाहीं. भल्या माणसाच्या नांवापुढें ओळ रिकामी ठेवावयास लावतो. आम्हीं नोकरींत असे कागद पाहिले आहेत.

खेळाडूंस हें कळत नाहीं असें नाहीं. २००१ सालीं ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकून आल्यावर पुल्लेला गोपीचंद यांनीं एका कोला-पेयाची जाहिरात करण्याचें नाकारलें. त्या वेळीं ते कांहीं श्रीमंत नव्हते. विराट कोहली यांनीं २०१७ सालीं पेप्सीशीं असलेला करार पुन्हा केला नाहीं. जें आपण पीत नाहीं तें दुसऱ्यास प्या म्हणून सांगणें बरें नव्हे, हा त्यांचा विचार. आणि २०२१ च्या जून महिन्यांत बुडापेस्ट येथें पोर्तुगालचे रोनाल्डो यांनीं पत्रकारांपुढील मेजावरच्या कोका-कोलाच्या दोन बाटल्या बाजूस सारून पाण्याची बाटली वर उचलली, हें दृश्य आमच्या गांवच्या पोरांनींही मोबाइलवर पाहिलें आहे. मात्र एकेका खेळाडूच्या विवेकावर सारा भार टाकणें हा न्याय नव्हे. ज्याच्या आईबापांनीं दागिने मोडून त्याला खेळविलें, त्याच्यापुढें कोणी कोटी रुपये ठेवले तर तो नाहीं म्हणेल अशी अपेक्षा धरण्याचा आम्हांस अधिकार काय?

आतां या मालांत असतें काय तें पाहूं. नेहमींच्या गोड शीतपेयाच्या १०० मिलिलिटरमध्यें १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलींत सुमारें २६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें कीं वरून घातलेली साखर मोठ्या माणसानेंही दिवसास सुमारें ५० ग्रॅमच्या आंत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आंत ठेवल्यास अधिक हितकर. एका बाटलींतच तो दुसरा आंकडा ओलांडला जातो. मग चहाची व घरच्या गोडाची साखर निराळीच. भारतांत मधुमेही लोक १० कोटींहून अधिक आहेत असें भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणींतून २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. हा रोग पूर्वीं शहरांतील बैठ्या लोकांचा समजत. आज आमच्या लहानशा गांवांत सकाळीं उपाशीं पोटीं रक्त तपासावयास जाणारांत नांगरधारीही आहेत. एकट्या शीतपेयांनीं हें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. भाकरी मागें पडली, चालणें सुटलें, हींही कारणें आहेतच. परंतु मैदानावर जो रोग पळावा तो मैदानाच्याच फलकावरून घरीं यावा, ही गोष्ट मनास पटत नाहीं.

सरकारासही यांतील विसंगति दिसूं नये याचें आश्चर्य वाटतें. २०२० च्या नियमांप्रमाणें शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत अतिस्निग्ध, अतिगोड व अतिखारट पदार्थ मुलांस विकण्यास मनाई आहे. नियम चांगला आहे. पण तोच मुलगा संध्याकाळीं घरीं येऊन सामना पाहावयास बसतो, तेव्हां तेंच पेय त्याच्या डोळ्यांपासून चार हातांवर असतें. हे ५० मीटर मोजावयाचे कोठून?

आमचे ऊंस-बागाईतदार बंधू येथें म्हणतील, “कारकूनसाहेब, साखर खपते ती आमचीच. तुम्ही आमच्याच मुळावर कुऱ्हाड घालतां.” आक्षेप योग्य आहे व त्यास हिशेबानेंच उत्तर दिलें पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामास १०.२५ टक्के उताऱ्यावर उंसाचा रास्त भाव क्विंटलास ३५५ रुपये ठरला. २६ ग्रॅम साखरेस या उताऱ्यानें पाव किलोहून किंचित् अधिक ऊंस लागतो. त्याची किंमत होते सुमारें ९० पैसे, आणि तोडणी-वाहतूक त्यांतूनच वजा व्हावयाची. बाटलीची किंमत २० रुपये धरली तर शेतकऱ्याच्या पदरीं रुपयाही पडत नाहीं. याउलट रसवंतीवर तोच ऊंस गेला तर काय पडतें, तें ज्यांनीं उन्हाळ्यांत दोन गुंठे रसवंतीस दिले आहेत त्यांस विचारावें. उंसाचा रसही गोडच, हें आम्ही विसरलों नाहीं. मधुमेह्यास तोही वर्ज्य. पण त्याचा प्रायोजक कोणी चषकाशेजारीं बसलेला नाहीं.

बटाटेवाल्यांचा अनुभव तर याहून कडू आहे. २०१९ सालीं गुजराथेंतील कांहीं बटाटे-उत्पादकांवर पेप्सिकोनें आपल्या नोंदणीकृत वाणाची लागवड केली म्हणून दावे लावले. त्यांतील चौघांकडून प्रत्येकीं एक कोटीहून अधिक रुपये मागितले. देशभर ओरड झाल्यावर मे महिन्यांत दावे मागें घेतले गेले. वाणाची ती नोंदणी २०२१ च्या डिसेंबरांत रद्द झाली. परंतु २०२४ च्या जानेवारींत दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानें ती रद्द करण्याचा हुकूमच रद्द ठरविला. कंपनीशीं करार करून बटाटा पिकविणारे कित्येक शेतकरी सुखी आहेत, ठरलेला भाव त्यांस मिळतो, हेंही खरें. पण मैदानावर जी कंपनी सर्वांची सोबतीण म्हणून मिरवते, ती बांधावर कशी वागूं शकते हें शेतकऱ्यानें तरी डोळ्यांआड करूं नये.

राहिला प्रश्न पैशाचा. प्रायोजक नसतील तर खेळ चालावे कसे? क्रिकेटपुरतें तरी हें भय निराधार आहे. २०२३ ते २०२७ या पांच हंगामांच्या प्रक्षेपणाचे हक्कच ४८,३९० कोटींस विकले गेले. कायद्यानें प्रायोजक काढला म्हणून खेळ बुडाला, असेंही कोठें झालें नाहीं. २००३ च्या कायद्यानें तंबाखूच्या कंपन्यांस जाहिरात व प्रायोजकत्व दोन्ही बंद झालीं. क्रिकेट त्यानंतर वाढलेंच. २०२५ च्या ऑगस्टांत पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, भारतीय संघाच्या अंगरख्यावरील ड्रीम इलेव्हनचें नांव गेलें, आणि पुढच्याच महिन्यांत टायर करणारी कंपनी त्या जागीं आली.

लहान खेळांची गोष्ट निराळी. कुस्ती, कबड्डी, खोखो यांच्या दारीं कोणी टायरवाला येत नाहीं. येतो तो शीतपेयांचा विक्रेताच, जसा आमच्याकडे आला. त्यांच्यासाठीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतानें १९८७ सालीं केलेली तोड आम्हांस फार शहाणपणाची वाटते. त्यांनीं तंबाखूवर पट्टी बसविली, त्या पैशांतून एक आरोग्यसंस्था काढली, आणि ज्या खेळसंस्था सिगारेटवाल्यांच्या पैशावर जगत होत्या त्यांस तो पैसा देऊन त्यांचे फलक उतरविले. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पेयांवर ४० टक्के कर आहे. पट्टी नव्यानें बसवावयासही नको. वसूल होतच आहे. त्यांतील एक लहानसा हिस्सा तालुक्याच्या तालमींकडे व क्रीडांगणांकडे वळविला तरी पुरे. महसूल खात्यांत आमचें आयुष्य गेलें असल्यानें एका शिरस्त्याची रक्कम दुसऱ्यावर खर्ची घालणें किती जिकिरीचें असतें तें आम्ही जाणतों. तरीही हें अशक्य नव्हे.

खेळास आश्रय देण्याची रीत या मुलुखास नवी नाहीं. शाहू महाराजांनीं कोल्हापुरास खासबागेचें मैदान बांधविलें, देशोदेशींचे मल्ल पदरीं ठेवले. त्यांच्या मल्लांस खुराक मिळे तो दुधाचा, तुपाचा, बदामाचा. आश्रयदात्यानें दिलेलें अन्न व पैलवानास लागणारें अन्न एकच होतें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीस गेले ते लोकांच्या वर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनीं त्यासाठीं आपलें घर गहाण टाकलें असें सांगतात. तेथून त्यांनीं कांस्यपदक आणलें.

यंदाच्या यात्रेची बैठक गेल्या महिन्यांत झाली. तोच विक्रेता पुन्हा आला, या खेपेस रक्कम वाढवून. आम्हीं पंचांपुढें दुसरा हिशेब मांडला: मंडप लहान, इनामें तीन कमी, आणि पहिलें इनाम म्हणून दूधसंस्थेच्या सभासदांनीं मिळून एक दुभती म्हैस द्यावी. तरुण मंडळी नाखूष झाली. पैलवान लांबून येतात, म्हैस घेऊन एस्टींत कसे चढणार, असें एकानें विचारलें, आणि त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. म्हशीची गोष्ट सोडून रोख रकमेची यादी केली. आजमितीस यादींत ४३ नांवें आहेत व निम्म्याहून थोडी अधिक रक्कम जमली आहे. विक्रेत्यास नकार कळविला. ताकवाल्या मावशींस आम्हीं स्वतः जाऊन दोरीच्या आंतील जागा सांगितली. “बघूं, त्या दिवशीं कळेलच,” एवढेंच त्या म्हणाल्या.