फोटोवाला व्यासपीठावर का नको?

साहित्यसंस्थेच्या कार्यक्रमात छायाचित्रकाराची जागा ठरलेली असते. पाहुणे दीपप्रज्वलन करीत असताना तो पुढे येतो, दोन-तीन छायाचित्रे घेतो आणि पुन्हा भिंतीकडे सरकतो. पुढे अहवालात ते छायाचित्र छापले जाते. त्याखाली अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, आभार मानणारे अशा सर्वांची नावे येतात; छायाचित्र घेणाऱ्याचे नाव सहसा येत नाही. हा मनुष्य व्यासपीठावर बसून तासभर बोलू शकेल आणि ते ऐकण्यासारखे असेल, ही कल्पनाच आपल्या मंडळींच्या मनाला शिवत नाही. या समजुतीला विरोध करण्यासाठी हा लेख लिहीत आहे. सिल्वासा, नरोली, रांधा, खानवेल या परिसरातील छायाचित्रकारांची, सर्वांना खुली आणि विनामूल्य अशी व्याख्यानमाला साहित्यसंस्थेनेच भरवावी, आणि ती लवकर भरवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला आक्षेप ठरलेला आहे : छायाचित्रण हे साहित्य नव्हे. मान्य. परंतु आपल्याकडील विद्वानांनी या विद्येला कधी परके मानले होते? १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा प्राच्यविद्येचे अभ्यासक डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा व्यावसायिक छायाचित्रकार तयार झाला. ज्यांना आपण भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो, त्या दादासाहेब फाळक्यांनी बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले आणि गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. गुजरातच्या भूमीवर पोट भरणारा मराठी फोटोवाला ही काही आपल्या पिढीची नवलाई नाही.

पण माझा खरा मुद्दा कलेच्या प्रतिष्ठेचा नाही, स्मरणाचा आहे. आपल्या या चिमुकल्या प्रदेशाने सत्तर वर्षांत जेवढी स्थित्यंतरे पाहिली, तेवढी फार थोड्या मुलखांनी पाहिली असतील. २२ जुलै १९५४ रोजी दादरा मुक्त झाले, २ ऑगस्टला सिल्वासा. राजा वाकणकर, नाना काजरेकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावे आपण दरवर्षी आदराने घेतो. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगालचा दावा चालला, १९६० मध्ये निकाल लागला, ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश भारतात रीतसर विलीन झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवशी जोडला गेला. दरम्यान मधुबन धरणाच्या जलाशयाखाली शिवारे गेली. करसवलतींमुळे कारखाने आले, भाताच्या खाचरांवर शेड उभ्या राहिल्या. कागदोपत्री याची नोंद आहे. तथापि बुडालेल्या शिवारात पायवाट कोठून जात होती, बाजाराच्या दिवशी चौक कसा दिसत असे, मराठी शाळेच्या पहिल्या तुकडीत कोण कोणाच्या शेजारी उभे होते, हे कोणत्याही राजपत्रात नाही. ते कोठे असलेच, तर एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर, निगेटिव्हच्या डब्यांत आहे.

आणि नुसती छायाचित्रे उरली म्हणून भागत नाही. शासकीय सेवेत असताना पंचनाम्याला जोडलेली छायाचित्रे पाहण्याचा प्रसंग मला वारंवार येई. ज्याच्या मागे तारीख, सर्व्हे नंबर आणि पंचांच्या सह्या असत, ते पुरावा ठरे. ज्याच्या मागे काहीच नसे, ते फाइलीचे वजन तेवढे वाढवी. आपल्या घरांतील अल्बमांची अवस्था या दुसऱ्या प्रकारची होऊ लागली आहे. चेहरे आहेत, नावे सांगणारे उरत नाहीत. १९५४ साली विशीत असलेली माणसे आज नव्वदीपुढे आहेत. त्यानंतरच्या दशकांत डार्करूममध्ये काम केलेले छायाचित्रकारही आता थकले. शिवाय आपल्या पावसाळ्याची दमट हवा निगेटिव्हवर बुरशी धरते आणि चिकट पानांच्या अल्बममधील रंगीत छायाचित्रे लालसर पडत जातात. कागद आणि माणूस दोन्ही एकाच वेळी हातचे निघाले आहेत.

छायाचित्रकाराला बोलते केल्याने काय साधते, याचे उदाहरण आपल्याजवळच आहे. होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार १९१३ साली नवसारीस जन्मल्या. आरंभी त्यांची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत. १९७०च्या सुमारास त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, पुढे त्या बडोद्यास राहिल्या आणि कित्येक वर्षे लोक त्यांना विसरल्यासारखेच होते. मग सबीना गडिहोक यांनी त्यांच्याशी दीर्घकाळ संवाद साधला आणि २००६ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. २०११ साली पद्मविभूषण मिळाले, २०१२ मध्ये होमाईबाई गेल्या. त्या संवादास दहा वर्षांचा उशीर झाला असता, तर छायाचित्रे उरली असती आणि त्यांमागची हकीकत गेली असती.

दुसरा आक्षेप असा की, फुकट ते बिनकिमतीचे. तिकीट नसेल तर लोक गांभीर्याने येत नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती तिकिटाच्या जोरावर नव्हे. छायाचित्रणाचे शास्त्र जगाला मिळाले तेच मुळी विनामूल्य. फ्रेंच सरकारने डागेर यांची कृती विकत घेतली आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत ती जाहीर करून टाकली. मात्र त्या व्यवहाराची दुसरी बाजू आपण ध्यानात घ्यावी. डागेर यांना सालीना सहा हजार फ्रँक आणि त्यांचे दिवंगत सहकारी निएप्स यांच्या मुलास चार हजार फ्रँक असे निवृत्तिवेतन सरकारने बांधून दिले होते. विद्या लोकांना फुकट मिळाली, कारण तिचे मोल कोणीतरी आधी चुकते केले होते.

म्हणून माझा आग्रह आहे की व्याख्यान श्रोत्याला विनामूल्य असावे, वक्त्याकडून विनामूल्य घेऊ नये. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याला आपण प्रवासखर्च, निवास आणि मानधन देतो, मग गावातल्या माणसाची शाल-श्रीफळावर बोळवण का करावी? तो आपला एक दिवसाचा धंदा बुडवून येणार आहे.

तिसरा आक्षेप : त्यांना बोलता येत नाही. सभेत बोलण्याची सवय नसेल, हे खरे. गंमत म्हणजे १८३९ च्या त्या सभेतही डागेर उपस्थित असून भाषण केले ते आरागो या शास्त्रज्ञाने. आपल्याला वक्तृत्व नको आहे. पडद्यावर वीस छायाचित्रे दाखवावीत, एका सभासदाने शेजारी बसून विचारावे : हे कोठले, केव्हाचे, हे कोण, चौकटीबाहेर काय होते? उत्तर मराठीत, गुजरातीत, कोकणीत किंवा वारलीत आले तरी चालेल. कॅमेऱ्याची मॉडेले आणि लेन्स यांची चर्चा मात्र नको. ती दुकानात होते.

वारलीचा उल्लेख सहेतुक केला. तारपा वाजविणारा, भवाड्यातील मुखवटा घातलेला नर्तक यांची छायाचित्रे दिनदर्शिकांवर शोभतात, आणि खाली लिहिलेले असते ‘आदिवासी’. आपल्या आजोबांच्या छायाचित्राखाली कोणी ‘मराठी मनुष्य’ एवढेच लिहिले तर आपल्याला चालेल काय? त्या माणसांची नावे सांगू शकणारे त्यांचे आप्त आज रांध्यात, दुधनीत, मांदोनीत आहेत. त्यांना पहिल्या रांगेत बसवून विचारले पाहिजे.

राहिला प्रश्न जबाबदारीचा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो. म्हणजे लग्नमुंजींची, शाळांची, दुकानांच्या उद्घाटनांची बहुतेक जुनी छायाचित्रे कायद्याने आपल्या कुटुंबांची आहेत. मालकी आपली असताना जतनाचा भार एकट्या फोटोवाल्यावर टाकणे न्याय्य नाही.

कार्यकारिणीपुढे माझी मागणी मोजकी आहे. वर्षातून चार व्याख्याने, प्रत्येक वक्त्यास मानधन, प्रत्येक व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण, आणि दाखविलेल्या छायाचित्रांची नाव-गाव-सालासह नोंदवही. पहिली निमंत्रणे वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्यांना जावीत. तरुण छायाचित्रकार पुढल्या वर्षापर्यंत थांबू शकतात. आणि या पत्रिकेच्या पुढील अंकापासून प्रत्येक छायाचित्राखाली ते घेणाऱ्याचे नाव छापावे. त्याला तर एक पैसाही खर्च येत नाही.