काळे पाकीट उजेडात उघडू नका

फोटोपॉलिमर फिल्म बाहेरून मागवणाऱ्या वाचकांच्या तक्रारी या उन्हाळ्यात वाढल्या आहेत आणि सगळ्यांचे दुखणे एकच आहे. विमानतळावरच्या गोदामात कस्टम्सची तपासणी होते, प्रकाशबंद पाकीट ट्यूबलाइटखाली फाडले जाते, आत प्लास्टिकच असल्याची खात्री पटली की चिकटपट्टी मारून माल पुढे सोडला जातो. मग टेबल स्थिर करा, बीमचे गुणोत्तर जुळवा, काहीही करा. त्या फिल्मवर होलोग्राम उमटत नाही.

कारण आपल्याला ठाऊक आहे, खात्याला नाही. बायफोल एचएक्ससारख्या फिल्मला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० मिलिज्यूल पुरतात. कचेरीतल्या नेहमीच्या उजेडात तेवढा डोस दोन-तीन मिनिटांत मिळून जातो. मोनोमर सगळीकडे सारखाच जुळून जातो आणि लेसरच्या उजळ फ्रिंजकडे सरकायला काही शिल्लकच राहत नाही. त्यात डायचा रंग उडाल्याने फिल्म आधीपेक्षा स्वच्छ दिसू लागते. नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन गेलेल्या एका वाचकासमोर अधिकाऱ्याने तीच फिल्म खिडकीशी धरली आणि विचारले, ‘यात खराब काय झाले?’

दुसऱ्या एका वाचकाने अंधाऱ्या खोलीची विनंती केली, तर तिथे लाल दिवा लावून तपासणी झाली. लाल दिवा चालतो तो कृष्णधवल फोटोच्या कागदाला. ज्या फिल्मवर आपण ६३३ नॅनोमीटरच्या हीलियम-निऑन लेसरने काम करतो, तिला तो पांढऱ्या दिव्याइतकाच मारक आहे. हे सांगूनही ऐकले गेले नाही, याचा आम्हाला संताप आहे.

‘मग फिल्म इथेच का बनवत नाही?’ असेही विचारले जाते. पीव्हीए-अ‍ॅक्रिलामाइडच्या थरांवर कोचीनच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात चांगले काम झाले आहे. पण पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत पीव्हीएचा थर धड वाळत नाही, आणि अ‍ॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असल्याने ते घरगुती खोलीत हाताळण्याचे रसायन नव्हे. शिकण्यासाठी तो मार्ग उत्तम. रोजच्या कामाला तयार फिल्मच लागते.

तपासणीला आमचा विरोध नाही. तो खात्याचा अधिकार आहे. पण दोष एकट्या खात्याचाही नाही. आपल्यातले कित्येक जण कटकट नको म्हणून बिल ऑफ एंट्रीत ‘प्लास्टिक शीट’ लिहून माल प्रकरण ३९ मध्ये दाखवतात. प्लास्टिक म्हणून आलेली वस्तू अंधारात उघडायची, हे अधिकाऱ्याला कळावे कसे? आमच्या मते एक्स्पोज न झालेली प्रकाशसंवेदी फिल्म ही प्रकरण ३७ मधली वस्तू आहे: सुट्या शीट ३७०१, रोल ३७०२. चुकीचे वर्णन लिहिणाऱ्या सभासदांनी हा प्रकार आता थांबवावा. त्यांच्या सोयीची किंमत सगळे मोजत आहेत.

शंका असेल तर मार्ग आहे. २०२१ पासून मुंबई आणि दिल्लीत कस्टम्सचे अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरण काम करत आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८-एचखाली अर्ज करून वर्गीकरण आधीच ठरवून घेता येते. निर्णय अर्जदारापुरताच बंधनकारक असतो हे खरे, पण असा एक कागद हाती आला की बाकीच्यांनाही ठामपणे बोलता येईल. एवढी वर्षे आपल्यापैकी कोणी अर्ज केल्याचे आमच्या कानावर नाही. ही आपली हलगर्जी आहे.

तेव्हा मित्रहो, कामाला लागा. पुरवठादाराला सांगून त्याच फिल्मचा छोटा तुकडा वेगळ्या पाकिटात, खोक्यात सगळ्यात वर ठेवून घ्या आणि ‘तपासणीसाठी हा नमुना उघडावा’ असे त्यावर मराठी, हिंदी व इंग्रजीत लिहून घ्या. माल हाती येताच सीलचे फोटो काढा. अंधारात कोपऱ्याची पट्टी कापून चाचणी एक्स्पोजर द्या, डिफ्रॅक्शन एफिशियन्सी तारखेसह लिहून ठेवा. अशा नोंदी नसल्या की खात्यापुढेही काही सिद्ध होत नाही आणि विमा कंपनीपुढेही.

अर्ज करायला नियमित आयात करणारा एक उद्योजक किंवा एक प्रयोगशाळा पुढे यावी. तांत्रिक टिपण आम्ही तयार करून देऊ. पुढचा अंक छापायला जाण्यापूर्वी आम्हाला कळवा.